सूर्याकडं टक लावून बघा, असं त्या पॉडकास्टमधे सांगितलेलं नाही

आपल्या परभणी-जिंतूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की अमेरिकेतल्या ह्युबरमन डॉक्टरनं पॉडकास्टवर सांगितलंय, रोज सकाळी 10 मिनिटं थेट सूर्याकडं बघा, चष्मा सुटतो, झोपेची गोळी बंद होते.

हे चुकीचं आहे. मी ते एपिसोड ऐकलेत. त्यांचं म्हणणं एवढंच की उठल्यावर लवकर बाहेर उजेडात जा, आभाळ मोकळं असलं तर 5-10 मिनिटं, ढग असले तर जास्त, नंबरचा चष्मा असू द्या, आणि डोळ्याला त्रास होईल असं सूर्याकडं बघू नका हे ते स्वतःच सांगतात. उजेडाचा सिग्नल डोळ्यातल्या खास पेशींकडून मेंदूतल्या घड्याळाला जातो, त्यानं झोपेची वेळ बसते, लागलेला चष्म्याचा नंबर त्यानं जात नाही. आणि ते ह्युबरमन स्टॅनफर्ड विद्यापीठात न्यूरोसायन्सचे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या शास्त्राचे, प्रोफेसर आहेत, पेशंट तपासणारे डॉक्टर नाहीत.

आमच्या गल्लीतले एक काका गच्चीवर उभं राहून बघायलेत, डोळ्यातून पाणी वाहायलं तरी. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, भाजलं तरी लगेच समजत नाही, नजर कायमची जाऊ शकते. म्हणून हात जोडून सांगतो, तो मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका, आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.