उंदरांचं नाव सांगून मेटफॉर्मिनचा डोस डबल करू नका

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांमधे सध्या एक मेसेज फिरतोय, रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्यांकडे पोचलाय. त्यात म्हटलंय की लठ्ठ उंदरांवर सिद्ध झालंय, मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीने म्हातारपण मागे हटतं, वय जितकं जास्त तितका फायदा जास्त, आणि डोस डबल केला की गुण लवकर. आमच्या मेडिकलवर सत्तरीच्या एक काकू पाचशे मिलिग्रॅमची स्ट्रिप परत देऊन हजारची मागायला आल्या, तेव्हा राहवलं नाही.

आधी डोसचं बघा. २०१३ मधे मध्यमवयीन नर उंदरांना खाण्यातून ०.१ टक्का मेटफॉर्मिन दिलं तर सरासरी आयुष्य साधारण ६ टक्के वाढलं, हे खरंय. पण त्याच प्रयोगात १ टक्का दिलं त्यांचं आयुष्य १४ टक्के घटलं, किडन्या बिघडल्या. मेसेजवाल्यांनी अर्धंच उचललंय!

आता वय, आणि इथेच सगळ्यात मोठी गडबड आहे. २०२० मधे सी. एलेगन्स नावाच्या बारीक जंतांवर काम झालं, तरुणपणी मेटफॉर्मिन दिलं तर ते जास्त जगले, म्हातारपणी सुरू केलं तर उलट लवकर मेले, कारण हे औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागावर, ताण टाकतं, तरुण पेशी तो ताण झेलून जुळवून घेते, म्हाताऱ्या पेशीला ते जमत नाही आणि तिची ऊर्जाच कमी पडते. जंतावरून माणसाचा निकाल लागत नाही, मान्य, पण "वय जास्त तर फायदा जास्त" हे कुठून आलं मग? उंदरांमधे पण तेच दिसतं. एक्सेन्डिन-४ हे दुसरं डायबिटीसचं औषध तरुण उंदरांमधे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वाढवतं, म्हाताऱ्यांमधे नाही, २००९ पासून माहीत आहे हे.

आणि ते "लठ्ठ उंदीर" असतात किती वयाचे? बहुतेक वेळा दीड महिन्याच्या पिल्लांना ६० टक्के कॅलरी फॅटमधून येतील असं खाणं देऊन जाड करतात आणि काही महिन्यांतच औषध देऊन बघतात. उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं, म्हणजे तो लठ्ठ असला तरी तरुणच की.

नर-मादीचं तर मेसेजमधे नावच नाही. कॅनाग्लिफ्लोझिन या डायबिटीसच्याच अजून एका औषधाने नर उंदरांचं आयुष्य १४ टक्के वाढलं, माद्यांचं अजिबात नाही.

हे वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद पण करू नका हं, शुगरसाठी ती चांगलीच आहे. फक्त साठीनंतर क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या किडनीच्या तपासण्या करवून घ्या, ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देतच नाहीत. वर्षानुवर्षं घेत असाल तर व्हिटॅमिन बी१२ पण बघा, ते कमी झालं की पायाला मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात शुगर वाढली, मग गोळी अजून वाढवतात.