बफर्डच्या घोडेस्वारांच्या हातात स्पेन्सर नव्हती

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की युद्धइतिहासाच्या गटांमध्ये एक दावा हमखास फिरतो. तो असा : १ जुलै १८६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावाजवळ उत्तरेच्या जनरल जॉन बफर्डच्या मूठभर घोडेस्वारांनी घोड्यांवरून तुटून पडत, एकदा भरली की सात गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर बंदुकांच्या जोरावर दक्षिणेची फौज दिवसभर रोखून धरली, बंदूक नवी होती म्हणून हे जमलं, आणि त्याच्या हाताखालच्या ‘आठवी इलिनॉय कॅव्हलरी’ या घोडदळ रेजिमेंटची तिथली स्मारकं याचीच साक्ष देतात. ऐकायला झकास आहे, पण यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. मला याचा राग येतो, कारण या दाव्यामुळे त्या माणसांचं श्रेय एका यंत्राच्या खात्यावर जमा होतं.

आधी स्मारकाची साक्षच घेऊ. गेटिसबर्गच्या पश्चिमेला सुमारे तीन मैलांवर, चेंबर्सबर्ग रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी खांब उभा आहे. लढाईतली पहिली गोळी इथून सुटली, असं त्यावर कोरलंय. सकाळी साडेसातची वेळ, मार्सेलस जोन्सचं नाव, आणि बंदूक कोणाची तेही : सार्जंट शेफरची कार्बाइन, म्हणजे घोडदळाची आखूड बंदूक. जोन्स तेव्हा लेफ्टनंट होता. मार्श क्रीकच्या पुलाकडून शत्रू येताना दिसला तेव्हा त्याने शेफरची कार्बाइन मागून घेतली, कुंपणाच्या फळीवर टेकवली आणि घोड्यावरच्या एका अधिकाऱ्यावर नेम धरला. हा खांब १८८६ मध्ये जोन्स, शेफर आणि त्यांच्या आणखी एका सोबत्याने स्वतः उभारला. ती कार्बाइन होती शार्प्स बनावटीची. एका वेळी एकच गोळी.

“पण तेव्हा स्पेन्सर आलेली होतीच की!” आली होती, पण कोणाकडे, हा प्रश्न आहे. घोडदळासाठीची आखूड स्पेन्सर कार्बाइन सैन्याला मिळू लागली ऑक्टोबर १८६३ पासून, म्हणजे गेटिसबर्गनंतर तीन महिन्यांनी. त्याआधी होती ती लांब नळीची स्पेन्सर रायफल. ती गेटिसबर्गला पोहोचली होती, पण उत्तरेच्याच जनरल कस्टरच्या मिशिगन ब्रिगेडकडे : त्यातल्या पाचव्या मिशिगन रेजिमेंटकडे आणि सहाव्या मिशिगनच्या काही स्वारांकडे. हे लोक १ जुलैला बफर्डसोबत नव्हते. शिवाय त्याच्या आठवडाभर आधी, २४ जूनला, दूर टेनेसीमध्ये हूव्हर्स गॅप या खिंडीत उत्तरेच्या वाइल्डरच्या ब्रिगेडने स्पेन्सर रायफलींनी खरोखरच कमाल केली होती. पुढे १८६४-६५ मध्ये उत्तरेच्या घोडदळात स्पेन्सर सर्रास दिसू लागली. माझ्या मते गोंधळ इथेच झाला. नंतरच्या घोडेस्वाराचं चित्र लोकांनी आधीच्या लढाईवर चिकटवलं.

“एकेका गोळीच्या बंदुकीने पायदळ कसं अडेल?” हा प्रश्न रास्त आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. समोरच्या पायदळाकडे तोंडातून भरायच्या रायफली होत्या. दारू ओतायची, गोळी घालायची, गज ठासायचा. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढणार, आणि गज ठासायला त्याला बहुधा उभंच राहावं लागणार. शार्प्सचं तसं नाही. खालचा लिव्हर ओढला की मागचा ठोकळा खाली सरकतो, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. त्यात काडतूस सरकवायचं, लिव्हर मिटायचा, बार पेटवणारी छोटी टोपी बसवायची, बंदुकीचा घोडा चढवायचा. वेग समोरच्याच्या निदान दुप्पट, आणि हे सगळं कुंपणामागे गुडघ्यावर बसून किंवा पालथं पडून करता येतं. लांब पल्ल्यात मात्र पायदळाची रायफल सरस होती. म्हणून बंदुकीच्या फायद्यापेक्षा ती कुठून झाडायची, हे जास्त महत्त्वाचं होतं.

ते बफर्डने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. ३० जूनला गावात येताच त्याने पश्चिमेला आणि उत्तरेला कमानीसारखे पहारे पेरले. गावाच्या पश्चिमेला एकामागे एक लांबट, बुटक्या टेकड्यांच्या धारा आहेत. एका धारेवर अडवायचं, फार रेटा आला की मागच्या धारेवर यायचं, असा हिशेब. आपल्यासोबतच्या लेफ्टनंट कॅलेफच्या सहा तोफाही त्याने मुद्दाम अंतराअंतराने मांडायला लावल्या, म्हणजे समोरच्याला तोफा जास्त वाटाव्यात. १८९५ मध्ये उभारलेल्या बफर्डच्या पुतळ्याच्या पायाशी त्यांपैकी चार तोफांच्या नळ्या बसवल्या आहेत. उत्तरेच्या तोफखान्याचा त्या दिवशीचा पहिला बार ज्या तोफेतून निघाला, ती २३३ क्रमांकाची नळी त्यांतलीच.

“घोड्यांवरून तुटून पडले” हेही चूक. ते पायउतार होऊन लढले. दर चौथा माणूस घोडे धरून मागे थांबला. आठवी इलिनॉय ज्या गॅम्बलच्या ब्रिगेडमध्ये होती, तिच्यात सोळाशेच्या आसपास स्वार होते. म्हणजे प्रत्यक्ष रेषेवर बाराशेच. समोर दक्षिणेच्या जनरल हेथचं सुमारे सात हजारांचं डिव्हिजन, आघाडीला आर्चर आणि डेव्हिसच्या ब्रिगेडी.

“दिवसभर रोखलं”? नाही. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या जनरल रेनल्ड्सच्या पहिल्या कोअरचं (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या दलाचं) पायदळ पोहोचलं आणि त्याने लढत हाती घेतली. बफर्डला वेळ काढायचा होता, तो त्याने काढला. दुपारी गावाजवळच्या सेमिनरी रिज या धारेवर गॅम्बलचे स्वार पुन्हा लढले, तरी दिवसाअखेर उत्तरेची फौज गावातून मागे रेटली गेलीच.

“रेजिमेंट जवळपास संपली” अशी पुस्तीही काही जण जोडतात. आठव्या इलिनॉयचा गेटिसबर्गला एकच माणूस ठार झाला, डेव्हिड डिफेनबॉ. वेळेवर मागे सरता येणं हेच त्यांचं कसब होतं. हौतात्म्याची कथा रचायची म्हणून ते पुसून टाकू नये.

पहिल्या गोळीचा मान मात्र खरोखरच वादातला आहे. नवव्या न्यूयॉर्क कॅव्हलरीच्या सैनिकांनी तो आपल्या कॉर्पोरल अल्फॉन्स होजेससाठी मागितला. स्मारकं उभारणारे स्वतः लढलेले होते, आणि आपापल्या रेजिमेंटचा अभिमान त्यांनी दगडातही उतरवला. त्यामुळे खांबावरचं ‘पहिली’ तपासून घ्यावं. पण शेफरच्या कार्बाइनबद्दल खोटं सांगायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

गेटिसबर्गला जाऊन स्पेन्सरचीच जागा पाहायची असेल तर गावाच्या पूर्वेला ईस्ट कॅव्हलरी फील्डवर जावं. तिथे मिशिगन ब्रिगेडचं १८८९ चं स्मारक आहे. ३ जुलैला पाचव्या मिशिगनने सात गोळ्यांच्या रायफली चालवल्या त्या तिथे.