पाव इंच

आमच्या घरात माणसं तीन आणि चादरी एकोणीस. सोलापुरात हे प्रमाण कमीच म्हणायचं. इथं चादर कुणी विकत घेत नाही, ती आपोआप साठते. लग्नात येते, वास्तुशांतीला येते, माणूस निवृत्त झाला की नारळाच्या मागोमाग येते. माझ्या निवृत्तीला दोन आल्या, दोन्हींवर तोच मोर. अशा गावात मी गोधडी शिवायला बसलोय हे कळल्यावर शेजारचे अण्णा, ज्यांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "सर, घरातल्या चादरी संपल्या का?"

सुरुवात लेकीनं केली. पुण्याहून तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. रंगीबेरंगी चौकोन जोडून केलेली रजई, किंमत साडेसहा हजार रुपये. मी तो आईला दाखवला. आई ब्याऐंशी वर्षांची. तिनं मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि काळजीनं विचारलं, "वाकळ विकायला काढली व्हय? कुणावर आली एवढी वेळ?"

मी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. चिंध्यांचे साडेसहा हजार होत असतील तर आपल्या घरात निदान पन्नास हजारांचा माल पडून आहे, हे मला एका मिनिटात दिसलं. प्रत्यक्षात तो माल पडून नसतो. त्याच्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. हिची विटलेली साडी मागितली तर "ती पापडांना लागते." दुसरी मागितली तर "ती गाद्यांवर टाकायला ठेवलीय." माझी कमरेला न बसणारी पँट काढली, तेव्हा मात्र मीच म्हणालो, राहू दे, बारीक झालो की होईल. घरातून शेवटी एक इरकल साडी मिळाली, तीही उंदरानं आधी पसंत केलेली. ती अस्तराला ठेवली.

मग आठवलं की सोलापूर चादरींइतकंच गणवेशांचंही गाव आहे. शाळांचे गणवेश इथं ढिगानं शिवले जातात, म्हणजे कतरणही ढिगानंच निघत असणार. ओळखीच्या एका कारागिराकडून मी पोतंभर तुकडे आणले. घरी उघडून बघितलं तर खाकी, नेव्ही ब्लू, पांढरा आणि बारीक चौकड्यांचा मरून. पाचवा रंग नाही. हिनं पोत्यात डोकावून विचारलं, "गोधडी शिवताय की शाळा काढताय?"

आता हिशेब. पाच फूट बाय सात फूट, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. सहा इंची चौकोन घेतले तर आडवे दहा, उभे चौदा, एकूण १४०. कुठंही अपूर्णांक नाही. एवढं स्वच्छ गणित मी नोकरीतही कधी पाहिलं नव्हतं. पुठ्ठ्याचा सहा इंची साचा केला, खडूनं आखलं आणि चार दिवसांत १४० चौकोन कापले. अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला.

दिवस मे महिन्याचे होते. पारा ४२ च्या पुढं. १४० चौकोन रंगसंगतीप्रमाणे जमिनीवर मांडायचे, तर पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पाचवी ते दहावी सगळे वर्ग एकमेकांत मिसळतात. सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता पंखा बंद करणाऱ्या माणसाकडे घरचे कसे बघतात ते मी पाहिलं आहे. हिनं तिसऱ्या दिवशी न विचारता बटण दाबलं. नेव्ही ब्लूची अख्खी रांग दिवाणाखाली गेली.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. तिच्या लेखी वाकळ शिवायला साचा, खडू, रंगसंगती काही लागत नाही. जुनं लुगडं जमिनीवर पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर जुन्या धोतरांचे, चोळ्यांचे, फाटक्या चादरींचे थर, वर पुन्हा लुगडं. मग कडेपासून धावदोरा घालत घालत, गोल फिरत मध्यावर यायचं. मोजमाप वितीनं आणि हातानं. आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये होते. त्यांच्या अंगावर विरलेलं धोतर वाकळीत गेलं, आणि वाकळ विरल्यावर तिचा धड राहिलेला भाग दुपट्यात गेला, असं ती सांगते. तुकडा लावायचा तो विरलेल्या जागी, शोभेसाठी नव्हे. "आम्ही भोक बघून तुकडा लावायचो," ती म्हणाली, "तू चांगल्या कापडाला भोकं पाडून तुकडे करतोस."

मी दुर्लक्ष केलं आणि मशीनवर बसलो. चौकोन जोडून पट्ट्या, पट्ट्या जोडून चादर. (हा शब्द चुकून आला.) चारी कडा आत दुमडून सगळं झाल्यावर टेप लावला. रुंदी ५५ इंच. पुन्हा लावला. लांबी ७७. पाच फुटांतले पाच इंच आणि सात फुटांतले सात इंच गेले कुठं? मी टेप तपासला. मग जमीन तपासली.

"शिवणीत गेलं," आई खाटेवरून म्हणाली.

शिवताना प्रत्येक बाजूचं पाव इंच कापड आत जातं. म्हणजे सहाचा चौकोन साडेपाचाचा होतो. सहा हवा असेल तर कापायचा साडेसहाचा. हे आईला कापायच्या आधीपासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस? "तू इचारलंस कुठं. तू हिशेब करत हुतास."

आत भरायला काय, हा पुढचा प्रश्न. अण्णांनी सुचवलेली जुनी सोलापुरी चादर घालून पाहिली. सोळा नंबरची सुई मोडली, अठराचीही मोडली. घट्ट विणीच्या जाड सुती चादरीत आमच्या घरगुती मशीनचं काही चालेना. अण्णा खूश झाले. "सर, आमचा माल आहे तो." शेवटी कपाटाच्या वरच्या फळीवर टॉवेलांचा गठ्ठा सापडला. आहेराचे टॉवेल. आमच्याकडे टॉवेल-टोपीच्या मानात आलेला टॉवेल सहसा कुणी अंग पुसायला काढत नाही. तो घडी न मोडता पुढच्या लग्नाला जातो. काही टॉवेल जिल्हाभर फिरून पुन्हा आमच्याच घरी आलेले मी ओळखतो. ३० बाय ६० इंचाचे तीन टॉवेल मांडले की एक थर पुरा होतो. दोन थरांना सहा लागले. गठ्ठ्यात नेमके सहाच होते. सुई सटासट गेली.

एवढ्या दिवसांत आईनं माझ्या फेकलेल्या कतरणीतून, एक ओळ न आखता, दोन पायपुसणी, गरम पातेलं धरायची चार फडकी, मिक्सरचं आच्छादन आणि भाजीची पिशवी केली होती. पिशवीला आतून खिसा होता, सुट्ट्या पैशांचा.

गोधडी झाली. मी ओढली तर ही उघडी, हिनं ओढली तर मी उघडा. मग नळाला पाणी आलं त्या दिवशी ती धुतली. तिथं कळलं की इरकल आधी वेगळी भिजवून तिचा रंग जाऊ द्यायला हवा होता. शर्टांचे सगळे पांढरे चौकोन गुलाबी झाले. टॉवेलांनी पाणी प्यायला सुरुवात केली ती थांबेनात. आम्ही दोघांनी दोन टोकांनी पिळली, अण्णा मधे लागले, तरी गच्चीवरची दोरी तुटली. मग कठड्यावर टाकली. तिथं ती भर उन्हातसुद्धा तीन दिवस ठिबकत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रिका हातात घेऊन ही गच्चीवर आली. परवा मोहोळला हिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न.

"अहो, आहेराचे सहा टॉवेल होते वरच्या फळीवर. मी मोजून ठेवले होते. दिसत नाहीत."

मी कठड्याकडे पाहिलं. हिनंही पाहिलं.

खाली आलो तर आई खाटेवर बसली होती. काही बोलली नाही. तिनं उशाखालून दाढीचं जुनं ब्लेड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"कडंनं उसव," म्हणाली. "मधनं सुरू करू नगंस."