इम्युनिटी वाढवली की एचआयव्ही जातो? साफ खोटं!

रत्नागिरी-मालवणच्या खलाशांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही आला आहे. म्हणे, इम्युनिटी मजबूत असेल तर एचआयव्ही शरीरात टिकत नाही. २१ दिवस गुळवेलीचा काढा आणि कोकमाचं आगळ घ्या, गोळ्या बंद करा. हे शेवटचे तीन शब्द माणूस मारू शकतात.

मुळात एचआयव्ही प्रतिकारशक्तीशी कुस्ती खेळत नाही, तो तिला चुकवतो. पेशीत भलत्या जागी डीएनए दिसलं की ‘सीगॅस’ हे प्रथिन बोंब मारतं, मग इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणारं प्रथिन, सुटतं. एचआयव्ही आपल्या आरएनएचं (त्याची जनुकं ज्यात असतात त्याचं) डीएनए करतो ते बंद कवचाच्या आत. त्या कवचावर सायक्लोफिलिन ए, सीपीएसएफ६ अशी पेशीचीच प्रथिनं पांघरलेली असतात. बाहेर सांडलेलं डीएनए पेशीचंच ट्रेक्स१ हे प्रथिन साफ करून टाकतं. राखणदाराला चोर दिसतच नाही, मग राखणदाराला खुराक देऊन काय होणार?

पुढचे पहारेही तो असेच मोडतो. पेशीचं एपोबेक३जी हे प्रथिन विषाणूच्या नकलेत चुका पेरतं. विषाणूचं व्हिफ हे प्रथिन त्याचा पेशीतच निकाल लावतं. पेशीचंच टेदरिन नव्या विषाणूंना, धक्क्याला होडी बांधावी तसं पेशीला बांधून ठेवतं; विषाणूचं व्हीपीयू तो दोरच काढून घेतं.

आणि ‘चेतवलेली’ इम्युनिटी? एचआयव्ही सगळ्यात जोमाने वाढतो तो चेतलेल्या सीडी४ पेशींतच (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी). पेशीला जागं करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिनच विषाणूची जनुकंही चालू करतं. म्हणजे चोराच्या हाती किल्ली.

‘सीडी४ चांगले आहेत, मग गोळी कशाला?’ याचं उत्तर २०१५ च्या स्टार्ट चाचणीत आहे. रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे सीडी४ पेशी ५०० च्या वर असलेले, एचआयव्ही झालेले ४,६८५ लोक. लगेच गोळी सुरू केलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यू ४२, सुरू करायला उशीर केलेल्यांत ९६. दोन्हीकडची इम्युनिटी सुरुवातीला चांगलीच होती.

एक गोष्ट मान्य करावी लागते: शंभरात एकाहून कमी लोक औषधाविना विषाणू दाबून ठेवतात. पण त्यात मोठा वाटा त्यांच्या जनुकांचा, काढ्याचा नाही. आगळ पोटाला बरं, एवढंच. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

गोळी थांबवली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसतो. घेतली-सोडली केलं तर औषधाला दाद न देणारे विषाणू उरतात. म्हणून बोटीवर जाताना फेरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त न्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवा. डोल्युटेग्राविर (एचआयव्हीचं एक औषध) असलेली गोळी ॲसिडिटीच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. एक वेळ चुकली तर आठवताच घ्या, पण दोन एकदम नको.

मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील त्यांनी आजच एआरटी केंद्रात (एचआयव्हीचं औषध देणारं सरकारी केंद्र) जाऊन किती दिवस खंड पडला ते सांगावं. औषध तिथे मोफत आहे. पुढे व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे त्याची) तपासणी कधी करायची तेही तिथेच विचारून घ्यावं.