परदेशातून : गटातून बाहेर पडलेली मुलं कुठे मोजता?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत 'इंग्लिश लर्नर', म्हणजे इंग्रजी अजून शिकत असलेली, म्हणून नोंदलेली मुलं २०११ मध्ये सुमारे ४६ लाख होती, २०२१ मध्ये ५३ लाख झाली. २०१९ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात त्यांची सरासरी (० ते ५०० च्या पट्टीवर) १९१ आली, बाकीच्यांची २२४. या ३३ गुणांवरून 'शाळा नापास' असा निकाल देणं मला साफ चूक वाटतं. ज्याला इंग्रजी चांगलं येऊ लागतं, त्याचं नाव या गटातून निघतं आणि त्याच्या जागी काल आलेलं मूल दाखल होतं. असा गट वर सरकणार कसा?

खरी मोजणी बाहेर पडायला लागणाऱ्या वर्षांची. कॅलिफोर्नियात प्रवेश-अर्जात घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी लिहिली की ३० दिवसांत 'एल्पॅक' ही इंग्रजी किती येतं ते पाहणारी चाचणी होते. पुढे ती दर वसंतात. या गटातून सुटका व्हायला चाचणीत एकूण चौथी म्हणजे सर्वांत वरची पातळी, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा आणि वाचन-लेखनाची मूलभूत कौशल्यं, हे सगळं जुळावं लागतं. बोलणं लवकर येतं. अडतं ते वाचन-लेखनात. अभ्यासाची इंग्रजी यायला चार ते सात वर्षं लागतात. माध्यमिक शाळेपर्यंत सुटका झाली नाही तर रोजचा एक तास इंग्रजीच्या जादा वर्गाला जातो आणि चित्रकला, संगीत असे आवडीचे विषय हातचे निसटतात. वेळेत बाहेर पडलेली मुलं मात्र कॅलिफोर्नियात अनेकदा फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्याही पुढे असतात.

म्हणून आपल्या मराठी पालकांना सांगतो: मुलावर 'इंग्लिश लर्नर'चा शिक्का बसेल या भीतीने अर्जात 'घरची भाषा इंग्रजी' असं खोटं लिहू नका. मदतीचा कायदेशीर हक्क त्या एका ओळीवर उभा आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्या वादात मराठीची बाजू रास्तच होती. पण मेळघाटातल्या कोरकू किंवा धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठीच नवी असते, हे त्या गदारोळात कितीदा ऐकू आलं? पहिलीत अशा मुलाची घरची भाषा लिहा, मराठी वाचन दरवर्षी तपासा, आणि सातवीपर्यंत त्याचा निकाल त्याच नोंदीला जोडून ठेवा. माध्यमावर भांडायचं तर ते या आकड्यांवर भांडू.