मागची बाकी नव्या माणसाच्या डोक्यावर का?

खरेदीखत झालं, चावी हातात आली, सामानाचा टेम्पो गेटात उभा राहिला आणि तेव्हा कुठे अध्यक्षकाका कागद घेऊन खाली उतरले. संभाजीनगरात, बीड बायपासवरच्या एका अपार्टमेंटमध्ये याच आठवड्यात घडलंय हे. "आधीच्या मालकाची एवढी राहिलीय. ती भरा, मग लिफ्ट वापरा."

कागद कसला, वहीचं फाडलेलं रेघांचं पान. टँकर 41,600. लिफ्टचा दोर 22,000. बोअरची मोटार 18,500. इतर 35,900. एकूण 1,18,000. ना तारीख, ना सही, ना शिक्का. टँकर कोणत्या उन्हाळ्यातले, किती आले, किती फ्लॅटांत भागले, काही पत्ता नाही. आणि हे 'इतर' म्हणजे काय हो? मोटारीचा खर्च लिहिता येतो, दोराचा येतो, आणि त्या दोन्हींहून जाड आकडा ज्याचा, त्याला नावच नाही! पोरांच्या शिक्षणातून वाचवून, कर्ज काढून घर घेतलेल्या माणसापुढे असलं पान धरायला हात कसा धजावतो?

याच काकांना इसारपावतीच्या आधी विचारलं होतं. तेव्हा म्हणाले, "असेल थोडंफार, घरचीच माणसं आहोत आपण." तोंडी सगळे घरचे. लिहून द्या म्हटलं की लगेच परके.

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1970 चा आहे, काल-परवाचा नाही. त्याचं कलम 20 वाचा. विकणाऱ्याची थकलेली सामाईक खर्चाची बाकी घेणाऱ्याच्याही अंगावर येते, दोघांची मिळून जबाबदारी. पण त्याच कलमात पुढे आहे की व्यवस्थापक किंवा मंडळाकडून बाकीचं लेखी पत्रक मागायचा खरेदीदाराला हक्क आहे, आणि त्या पत्रकात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त एक रुपयाही जुन्या बाकीपोटी त्याच्याकडून मागता येत नाही. काकांना कलमाचा पहिला अर्धा तोंडपाठ असतो. दुसरा अर्धा दाखवला की चष्मा सापडत नाही.

म्हणून इसार देण्याआधीच अर्ज टाका. अमुक फ्लॅटची अमुक तारखेपर्यंतची बाकी, महिनावार तपशिलासह, पदाधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. सोबतच सब-रजिस्ट्रारकडून डीड ऑफ डिक्लरेशनची नक्कल काढा. सामाईक जागेत तुमचा हिस्सा किती टक्के, गच्ची कुणाची, पार्किंग कुणाचं, हे तिथे लिहिलेलं असतं. इमारत मुळात या कायद्याखालचं अपार्टमेंट आहे की सहकारी सोसायटी, हेही आधी बघा. पाटीवर 'सोसायटी' रंगवलेली असते आणि नोंदणी भलतीच निघते. खरी सोसायटी असेल तर हस्तांतरण प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायचे पैसे, 25,000 च्या वर घेता येत नाही, 2001 सालचं शासनाचं परिपत्रक आहे. तरी 'विकास निधी' म्हणून लाख-लाख उकळतातच. पावती मागा, मग आवाज बदललेला ऐकू येईल.

आणि पाणी! मराठवाड्यात फ्लॅट विकताना पाण्याबद्दल गप्प बसणं म्हणजे सरळ फसवणूक. जायकवाडी उशाला आणि नळाला पाणी दिवसांच्या अंतराने, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तरी माहितीपत्रकात 'मुबलक पाणी'. कसलं मुबलक? मार्च ते जूनची टँकरची बिलं दाखवा. बोअर किती फूट आणि कोणत्या महिन्यात आटतं ते सांगा. मेंटेनन्स दीड हजार सांगता आणि मे महिन्यात टँकरची वर्गणी वेगळी काढता, ती आकड्यात का धरत नाही?

बिल्डरांचं तर बोलूच नका. घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा 2016 चा, तरी अजून जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं 'सुपर बिल्टअप' क्षेत्रफळ तोंडातून जात नाही. विक्री कार्पेटवरच, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवरच, करायची असते. नोंदणीकृत करार नसताना 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, तरी 'बुकिंग पक्कं करा' म्हणून निम्मे पैसे मागतात. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, स्वतंत्रपणे विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. तरी खांबाखांबावर नंबर टाकून विक्री चालूच. 2023 च्या ऑगस्टपासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचा, क्यूआर कोड लागतो, तो निदान स्कॅन तरी करता येतो. जुना फ्लॅट घेणाऱ्याला कुठला कोड? त्याच्या वाट्याला काकांची वही.

तेव्हा पत्रक मिळालं नाही तर करारातच लिहून घ्या, की मागची सगळी बाकी विकणाऱ्याची, आणि बाकी निल झाल्याचा लेखी दाखला येईपर्यंत ठरलेली रक्कम रोखून ठेवली जाईल. मनपाच्या मालमत्ता कराची आणि महावितरणची बाकीही त्यातच धरा. विकणारा चिडेल, एजंट म्हणेल व्यवहार मोडेल. मोडू द्या.