सोलापुरात बसून : दर्यावर्दी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दर्यावर्दी,

मांटा रे या चपट्या, पंखवाल्या समुद्री माशावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पंखांचा पसारा मी 9 मीटर लिहिला, तो चुकला. मोठ्या समुद्री मांटाचा 7 मीटरपर्यंत जातो. दुरुस्त केलं, आभार. एवढ्यावर थांबला असतात तर चहा पाजला असता.

पण "सोलापुरात बसून समुद्राच्या गप्पा मारू नयेत" हे कशासाठी? तारकर्लीला चार बुड्या मारल्या म्हणून समुद्राच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं का?

साखर पेठेत आमच्या घरी चार माग होते. तुटलेली सुताची तार मागाच्या फणीच्या घरातून ओवून घ्यायचं काम माझ्याकडे. पुढे रत्नागिरीच्या जेटीवर मांटाच्याच कुळातला एक मासा मेलेला पाहिला. कल्ल्यात हात घातला, बोटांना तिथल्या पात्यांची रांग लागली आणि पहिल्यांदा आठवली ती फणी! याच पात्यांसाठी हे मासे मारतात, चीनच्या बाजारात औषध म्हणून विकायला. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, तेही वर्षभर पोटात वाढवून.

फणीच्या ओळखीमुळेच पुढची गंमत मला कळली. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो, तसं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, हेच यांचं खाणं, या पात्यांत अडकत नाही. पाणी पात्यांवरून जाताना मागे भोवरे उठतात, कण पात्यांवर आपटून उसळतात आणि घशाकडे जातात. फटीतून बाहेर पडतं ते पाणी. म्हणून फटीपेक्षा बारीक कणही हाती लागतात आणि गाळणी तुंबत नाही. 2018 साली संशोधकांनी हे दाखवून दिलं. लेखात हे सगळं होतं, साहेब. तुम्ही गावाचं नाव वाचून थांबलात.

राहिला आरशाचा मुद्दा. 2016 चा आरसा ठेवून केलेला प्रयोग मत्स्यालयातल्या दोनच मांटांवर झाला, त्यावरून आत्मभान सिद्ध होत नाही, असं तुमचं म्हणणं. असेल. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद आहे, मला त्यात पडायचं नाही. त्या दोन मांटा आरशापुढे बुडबुडे सोडत होत्या, पोट दाखवत होत्या, एवढंच मी लिहिलं. (शीर्षकात "स्वतःला ओळखणारा मासा" आहे, पण शीर्षक हे शीर्षक असतं.)

आणखी चुका सापडल्या तर जरूर कळवा, गाव मध्ये न आणता. फोटोखालचा 9 चा आकडा मात्र अजून तसाच आहे, आत्ता दिसला. रात्री बदलतो.